इतर

फोल्डरचं नाव ‘स्ख्वा’. म्हणजे ‘इतर’.
आत एकशे बारा आवाज:
च्यातुराच्या रोपवेचं एकेक चाक,
केबलचं कुरकुरणं, ब्रेकचं कण्हणं,
मामांनी रेकॉर्डर छातीशी धरून टिपलेलं.
(आमच्याकडे बापालाच मामा म्हणतात.)
कुठलं बेअरिंग मरायला टेकलंय
ते त्यांना आधी कानाला कळायचं,
साहेबांना नंतर, कागदावर.

आता ते पाळणे थांबलेत.
वरच्या स्टेशनात मुर्माननं दोन खोल्यांचं म्युझियम मांडलंय.
तिथला कॉम्प्युटर माझ्या लग्नाहून जुना,
नेट नाही, पेनड्राइव्हचं भोक गंजलेलं,
डिस्क तेवढी गिळतो.
“सुट्या फाइली नकोत,” मुर्मान फोनवर म्हणाला,
“अख्ख्या डिस्कची इमेज करून दे.
माझ्या घरच्या मशीनवर डिस्क मी उतरवतो.”

म्हणून रात्री, भांडी घासून झाल्यावर,
ओल्या हातांनीच बसले.

पहिल्या खेपेला नावं मोडली.
जुना नियम: आठ अक्षरं, तीही सगळी मोठी.
आमच्या लिपीत लहानमोठं अक्षर नसतंच,
कुणी कुणाच्या डोक्यावर बसत नाही.
प्रोग्रामला ते पटेना.
त्यानं एकशे बारा प्रश्नचिन्हं मांडली
आणि प्रत्येकाच्या शेपटीला एक आकडा बांधला.
मी नियम बदलला, नवा प्रकार निवडला.
नावं परत आली.

दुसऱ्या खेपेला माप.
सीडीत मावतात सातशे, फोल्डरात सातशे एकतीस.
काय काढू?
एक फाइल सापडली, नाव नुसतं ‘चुकून’.
ना चाक, ना केबल.
कुणीतरी अक्रोड फोडतंय, बराच वेळ,
आणि आई हसतेय, कशाला ते कळत नाही.
बरोबर एकतीस भरत होती.
मी मुर्मानला विचारलं, तुझं यंत्र डीव्हीडी गिळतं का?
म्हणाला, गिळतं. खोकत खोकत.

तिसऱ्या खेपेला पट्टी नव्वद टक्क्यांवर अडली.
‘ही फाइल दुसरीकडे वापरात आहे.’
दुसरीकडे म्हणजे भिंतीपलीकडे.
मामा हेडफोन लावून बसले होते,
उजवा कान गेलेला, डावा निम्मा,
सहा नंबरचं स्टेशन ऐकत.
बोट टेबलावर वाजत होतं,
चाकाबरोबर नाही, चाकाच्या किंचित मागून,
जिथे खोट असावी तिथे.
म्हणता आलं असतं: जरा बंद करा हो.
मी दारात उभी राहिले.
मग स्टूल आणलं.
एकवीस मिनिटांची फाइल आहे ती.
त्यांनी दोनदा ऐकली.

मग पट्टी भरली.
एकच फाइल, पोटात एकशे बारा.
खात्री म्हणून चढवून पाहिली,
तर यंत्र म्हणालं, डिस्क आली.
कुठली डिस्क? कप्पा उघडा, आत धूळ
आणि नातवाच्या कपाटातला एक मणी.
असो. त्याला खरं वाटतंय ना.

तेव्हा कुठे दिसलं:
‘बेअरिंग’ हा शब्द मामांनी
सगळीकडे चुकीचा लिहिलाय,
चाळीस वर्षं, तीच एक चूक, न चुकता.
सुधारायला गेले तर हात झटकला गेला:
फक्त वाचता येईल.
फोल्डरात जाऊन दुरुस्त करायचं
आणि पुन्हा इमेज करायची,
नऊ मिनिटांचं काम.
मी घड्याळाकडे पाहिलं.
पावणेदोन.
पाठवून दिली.

“डिस्कवर पेनानं काय लिहू?” मुर्माननं सकाळी विचारलं.
“‘इतर’ लिही.”

मामा चहा ढवळत होते.
“झालं?”
“झालं.”
“सगळं गेलं वर?”
“गेलं. आणि इथेही आहे, जागच्या जागी.”
त्यांना हे नीट ऐकू आलं की नाही कोण जाणे.
ते उशीखाली हेडफोन शोधत होते.